साहेब साक्षीला दिल्लीला गेले तेव्हा

निवृत्तीला सहा वर्षं झाली, तरी बातम्यांत ‘लोकलेखा समिती’ (सरकारी खर्च तपासणारी संसदेची समिती) ऐकलं की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो. आमच्या मुंबईच्या केंद्र सरकारी ऑफिसातल्या एका खर्चावर कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालात आक्षेपाचा परिच्छेद आला होता. समितीने नेमका तोच तपासायला घेतला आणि लेखा विभागाची झोप उडाली.

समिती २२ जणांची. लोकसभेचे १५, राज्यसभेचे ७. मंत्र्यांना तिथे सदस्य होता येत नाही. १९६७पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो. नुसता पायंडा, पण टिकलाय. उत्तरं द्यायला बसतात ते खात्याचे सचिव. त्यांच्या मदतीला आमचे साहेब जाणार होते.

प्रश्नावली आली. एका प्रश्नापुढे मी सवयीने ‘कार्यवाही सुरू आहे’ असं लिहिलं. साहेबांनी खाली पेन्सिलने रेघ ओढली. “बाई, कधीपासून?” ती तारीख शोधायला दोन दिवस गेले. रजिस्टर सापडलं ते कपाटाखाली, अर्धं वाळवीने खाल्लेलं.

बैठक बंद दाराआड होते, कॅमेरे नसतात. मला वाटतं, म्हणूनच तिथे कामाचं बोलणं होत असावं. साहेब परतल्यावर एवढंच म्हणाले, “घाम फुटला हो.”

शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. पण त्यांचं काय केलं ते लेखी कळवावं लागतं, आणि त्या उत्तरांवर समिती पुन्हा अहवाल काढते. आमच्या एका उत्तरावर त्यात नाराजीचा शेरा होता. मसुदा माझाच होता.