क्रियापदाला प्रश्न विचारायला शिकवताना

क्रियेबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण, ही व्याख्या मुलांकडून पाठ करून घेणे सोपे असते. पण ती घडाघडा म्हणून दाखवणारे मूलही वाक्यातले क्रियाविशेषण शोधताना हमखास विशेषणावर बोट ठेवते. म्हणून मी व्याख्या नंतरसाठी राखून ठेवते आणि फळ्यावर ‘मुलगी धावली’ एवढेच लिहून त्या क्रियापदाला कशी, कधी, कुठे, किती असे प्रश्न विचारायला लावते. भरभर, आज, पुढे, खूप अशी उत्तरे मुलांकडूनच येतात. रीतिवाचक, कालवाचक ही नावे मग सांगितली तरी चालतात.

खरी गंमत रीतिवाचकात आहे. ‘रडली’ या एकाच क्रियापदाआधी ‘मुसमुसत’, ‘ढसाढसा’, ‘हमसून हमसून’ असे शब्द ठेवून मुलांना तसा अभिनय करायला सांगावा, आणि मग मुद्दाम ‘ती खुदकन रडली’ असे वाक्य लिहावे. वर्ग हसतो. कोणता शब्द कोणत्या क्रियापदाशी जुळतो हे मुलांना आधीपासूनच ठाऊक असते, हे त्या हसण्यावरून कळते. नियम शिकवण्याआधी हे ज्ञान वापरून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

एवढे झाले की निबंधांत क्रियाविशेषणांचा पूर येतो (आणि त्यातही ‘खूप’चा). ‘तो हळू आवाजात कुजबुजला’ यातले ‘हळू आवाजात’ खोडायला सांगितले की काही मुले हिरमुसतात, परंतु कुजबुजणे हळू आवाजातच होते हे त्यांना पटवून द्यावेच लागते.

‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’ यांत रूप बदलते म्हणून मुले त्या शब्दाला विशेषण ठरवतात. तेथेही ‘कसा गातो?’ हा प्रश्न उपयोगी पडतो: माहिती गाण्याच्या क्रियेची आहे, म्हणून ते क्रियाविशेषणच, फक्त रूप बदलत असल्यामुळे त्याला अव्यय म्हणता येत नाही.

शब्दाची जागा मात्र बऱ्याचदा शिकवायची राहून जाते. ‘आई काल आलेल्या पाहुण्यांशी बोलली’ आणि ‘आई आलेल्या पाहुण्यांशी काल बोलली’ ही वाक्ये एकाखाली एक लिहून, काल नक्की काय घडले, पाहुण्यांचे येणे की आईचे बोलणे, एवढेच मी विचारते, आणि नंतर ‘उद्या’ व ‘आज’ घेऊन अशाच वाक्यांच्या जोड्या मुलांना स्वतः रचायला देते.