ओट्यापाशी दुप्पट होणारा आकडा

रुग्णालयात विकिरण सुरक्षा अधिकारी म्हणून काम करताना माझा बहुतेक वेळ एक्स-रेच्या खोल्यांच्या भिंती, शिशाचे एप्रन आणि कर्मचाऱ्यांच्या छातीवरचे बिल्ले तपासण्यात जातो. कोणाच्या स्वयंपाकघरात जाऊन मोजणी करण्याचा प्रसंग मात्र एकदाच आला. आमच्या एका परिचारिकेच्या जावेने विकिरण मोजणारा गायगर काउंटर ऑनलाइन मागवला होता. त्यावर ओट्याजवळ गॅलरीच्या दुप्पट आकडा दिसू लागल्यामुळे ग्रॅनाइटचा ओटा फोडायला गवंडीही ठरला होता. "सर, फोडायच्या आधी एकदा बघून जा," असा निरोप आला, म्हणून एका रविवारी सकाळी मी पुण्यातल्या त्या घरी गेलो.

बाई पेशाने हिशेबनीस, त्यामुळे वही चोख होती: वेळ, जागा, एका मिनिटाची मोजणी. "रात्री वाढतं," असे त्या म्हणाल्या. प्रत्यक्षात दिवसाच्या रकान्यात 17, 24, 19 आणि रात्रीच्या रकान्यात 23, 16, 26 असे आकडे होते. ज्यातून हे विकिरण येते ते अणूंचे विघटन ठरावीक ठेक्याने होत नाही. सरासरी 20 असेल तर त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे साडेचारांच्या आसपासचा चढउतार नुसत्या योगायोगाने होतो, आणि मधूनच त्याहून मोठाही. मी त्यांना प्रत्येक जागी दहा मिनिटे मोजायला लावले. मग गॅलरीत रात्रीचे सगळे आकडे जाऊन मिनिटाला 20 उरले. ओट्यावर मात्र 40 कायम राहिले.

म्हणजे ओट्याबद्दल त्यांचे काही चुकले नव्हते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, विकिरण देणारे युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम कमी असते, तर ग्रॅनाइटमध्ये त्या मानाने जास्त. परप्रांतातून आलेला लालसर ग्रॅनाइट बेसाल्टच्या खडीवर उभ्या असलेल्या घरात उठून दिसणारच. त्यांच्या यंत्राच्या हिशेबाने गॅलरीत तासाला 0.13 आणि दगडाला टेकवून 0.26 मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या विकिरणाच्या मात्रेचे एकक; हजार मायक्रोसिव्हर्ट म्हणजे एक मिलिसिव्हर्ट). फरक 0.13, रोज तीन तास ओट्याला अगदी चिकटून उभे राहिले, तरी वर्षाला सुमारे 0.14 मिलिसिव्हर्ट. निसर्गाकडून माणसाला मिळणाऱ्या मात्रेची जागतिक सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट आहे. हा गुणाकार बाईंनी माझ्याआधी संपवला आणि गवंड्याला फोन केला.

तरी वहीतली एक नोंद माझ्या डोळ्यांत खुपत होती: "देवघराखालचे कपाट – 310." देवघरातल्या काळ्या दगडी मूर्तीचा त्यांना संशय होता, आणि दोन वर्षांच्या मुलाला त्या खोलीत फिरकू देत नव्हत्या. मूर्तीपाशी मोजले तर 21. खालचा खण उघडून यंत्र पुढे नेले, तशी टिकटिक इतकी दाट झाली की सासरे वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठून आले. जुन्या वातींच्या डब्यामागे कागदी पाकिटांचा गठ्ठा निघाला. "अहो, ही तर गावच्या गॅसबत्तीची मेंटलं! गणपतीत लागायची." मेंटलची जाळी थोरियमच्या क्षारात भिजवलेली असे, पहिल्यांदा पेटवली की कापड जळून थोरियम ऑक्साइडचा सांगाडा उरतो आणि तोच लख्ख पांढरा उजेड देतो. पाकिटापासून हातभर मागे सरल्यावर मोजणी पुन्हा विशीत आली, हे सासऱ्यांनी स्वतः दोनदा करून पाहिले. बंद पाकिटात भीतीचे कारण नव्हते. मुलाने जाळी तोंडात घालू नये आणि जळलेल्या जाळीची राख श्वासात जाऊ नये, एवढेच सांभाळायचे.

"मग हे जास्त विकिरण माणसाला काहीच करत नाही का?" या बाईंच्या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. केरळच्या किनाऱ्यावर करुणागप्पळ्ळी भागात मोनाझाइट या थोरियमयुक्त खनिजाच्या वाळूमुळे काही वस्त्यांत जागतिक सरासरीच्या कित्येक पट मात्रा मिळते. तिथल्या सुमारे 70 हजार लोकांचा सरासरी दहा वर्षे मागोवा घेऊन 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या मात्रेमुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. पण अगदी लहान परिणाम असा अभ्यास पकडू शकत नाही, हेही मी सांगितले. रेडॉनचे तसे नाही. जमिनीतून आणि दगडातून निघून बंद खोलीत साठणाऱ्या या किरणोत्सारी वायूमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे पक्के ठरलेले आहे, आणि धूम्रपान करणाऱ्यांना त्याचा धोका कितीतरी अधिक असतो. गंमत अशी, की बाईंचे यंत्र हवेतला रेडॉन मोजूच शकत नाही. त्यासाठी छोट्या डबीत खास फिल्म ठेवून ती तीनेक महिने खोलीत राहू द्यावी लागते आणि मग प्रयोगशाळेत रेडॉनमधून निघालेल्या अल्फा कणांचे तिच्यावरचे माग मोजतात. त्यांचे घर चौथ्या मजल्यावर, खिडक्या दिवसभर उघड्या. मला तिथे त्याची गरज वाटली नाही.

एवढे बोलणे होईपर्यंत त्यांचे यजमान गॅलरीत उभे राहून दुसरी सिगारेट पेटवत होते. बाईंनी वहीत गॅलरीच्या रकान्यापुढे लिहिलेला "सुरक्षित" हा शब्द खोडला आणि वही त्यांच्यासमोर नेऊन ठेवली.