तिरफळाच्या मागावर : मुंबईच्या खानावळींची वही, नोंद १९ ते २३

मंडळी, वही १८ वर अडकली होती ती २३ वर आली. पाच खेपा, पाच जागा. पण ज्यासाठी ही वही घातली त्या शेवटच्या रकान्यात एकच खूण वाढली, आणि तीही पुरती नाही. ते शेवटी सांगतो.

नव्यांसाठी थोडक्यात. मी कुडाळचा. कामासाठी महिन्यातून एकदा मुंबईला जावं लागतं, मुक्काम लालबागला ताईकडे. दोन दिवसांत एक जेवण बाहेर, हा ठराव. (ताईला हे पटत नाही, पण भावोजी माझ्या बाजूचे.) माशांची खानावळ असेल तर बांगडाच मागवायचा, आणि तोही कालवणातला. पापलेट-सुरमई महाग, त्यामुळे स्वयंपाकघर त्यांना जपतंच. बांगडा तेलकट, उतरायला वेळ लागत नाही. सकाळी आणलेला असेल तर गप्प राहतो, कालचा असेल तर पहिल्या घासाला सांगून टाकतो. ज्यांना बांगडा सांभाळता येतो त्यांच्याकडे बाकीचं डोळे मिटून मागवावं. आणि त्या कालवणात तिरफळ (आमच्याकडे माशाला घालतात तो, जीभ बधिर करणारा मसाला) आहे की नाही, हा शेवटचा रकाना. २३ पैकी माशांच्या जागा १४, तिरफळाच्या दोन. आजची धरून अडीच.

आईचं यावरचं मत पहिल्या दिवसापासून तेच आहे. "मुंबयक जावन बांगडो खातंस? हय काय बांगडे सरले?"

नोंद १९, मे अखेर. दादर. फळ्यावर रंगीत खडूने 'अस्सल मालवणी', आत वातानुकूलित, पाण्याच्या ग्लासात लिंबाची फोड. नाव लिहीत नाही, कारण पुढचं वाचा. बांगडा बरा होता, नारळ मिक्सरमधून गुळगुळीत केलेला, तिरफळ नाही. मग सोलकढी आली. रंग राणी कलरचा. लग्नातल्या फेट्यासारखा. आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, कढी अशी नसते हो. आगळ नारळाच्या दुधात पडला की फिकट जांभळट गुलाबी रंग येतो, आणि वाटी जरा वेळ ठेवली तर वर दाटसर दूध आणि खाली पाणी असं निवळायला लागतं. ही ढिम्म. नाकाजवळ नेली तर लसणाच्या मागून मातकट गोडसर वास. बीट! वाढप्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, रंग नसला तर लोक परत पाठवतात." राग त्याच्यावर नाही. ज्यांना कोकमाचा रंग माहीत नाही त्यांच्यासाठी ती कढी केलेली होती, आणि मी चुकून तिथे बसलो होतो. तरी सांगून ठेवतो : जेवणाआधी नुसती सोलकढी मागवा. तेवढ्यावरून कळतं की पुढे काय वाढून ठेवलंय.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत ताटात येणारा मासा बहुतेक एकतर बर्फातला, नाहीतर लांबून आलेला. म्हणून पावसाळ्यात मी माशांच्या जागा मोजत नाही. मुंबईत खाण्याला माशांवाचून काही अडत नाही, हे मला या वहीनेच शिकवलं. आधीच्या नोंदींतलं दादरचं आस्वाद हॉटेल आठवत असेल. त्यांच्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातला उत्तम शाकाहारी पदार्थ ठरवलं. आपण ती त्याआधीही खात होतो, लंडनला कळायला वेळ लागला इतकंच.

नोंद २०, जून. माटुंगा, रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग. १९४२ पासूनचं. स्टेशनच्या बाजूलाच, जिना चढून वर. दुपारी रांग असते, पण ती सरकते, कारण इथे कुणी गप्पा मारायला बसत नाही. केळीचं पान येतं, त्यावर आपणच पाणी शिंपडून हात फिरवायचा, मग डावीकडून एकेक पदार्थ उतरायला लागतात. वाढप्यांचा वेग बघण्यासारखा. सांबाराची बादली घेऊन येणारा माणूस पानाकडे बघतो, तोंडाकडे नाही. पान रिकामं दिसलं की वाढलं. मला रसम आवडलं. गरम रसम भातात ओतलं की पान खालून किंचित शिजतं आणि त्याचा हिरवा वास वर येतो. आमच्याकडे गणपतीला पानावर जेवतो तेव्हा हाच वास. तिरफळाचा रकाना अर्थातच लागू नाही, पण वहीत या जागेला मी दोनदा अधोरेखित केलंय.

नोंद २१, जुलै. बॅलार्ड इस्टेट, ब्रिटानिया. १९२३ चं इराणी. सीएसएमटीवरून चालत गेलो, छत्री उलटी झाली, पोचेपर्यंत अर्धा भिजलो. मी गेलो तेव्हा फक्त दुपारी उघडं असायचं. बेरी पुलाव मागवला. त्यातल्या त्या लाल आंबट बारीक बेरींना इराणात झिरिश्क म्हणतात. खाताना सारखं वाटत होतं की हे आपल्याला ओळखीचं आहे. मग लक्षात आलं : तुपकट भातात, मटणाच्या जडपणात, मध्येच एक आंबट लाल ठिणगी. आपण आमसूल कशाला घालतो? त्याच कामाला. समुद्रापलीकडच्या माणसाने आपलं आंबट सोबत आणलं आणि इथेच हॉटेल टाकलं. कोकणातून आलेल्यांनी तरी वेगळं काय केलं?

नोंद २२, ऑगस्ट. वांद्रे पूर्व. बोटी नुकत्या सुटलेल्या, बांगडा करंगळीएवढा. तिरफळ नाही. पुढे.

नोंद २३, सप्टेंबर. ही नीट लिहितो.

लालबागमध्ये ताईच्या चाळीमागे एक गल्ली आहे. तिथे एका खोलीत चार टेबलं. पाटी नाही. भावोजींना कुणीतरी सांगितलेलं. आत शिरलो तर जी काकी वाढत होती तिने माझ्याकडे बघून विचारलं, "खयसून इलंस?" म्हटलं, "कुडाळसून." "मग बस." बाकी गिऱ्हाइकांना ताट मिळायला वेळ लागला, मला नाही. हा पक्षपात मी वहीत नोंदवलाय.

बांगड्याचं तिखलं होतं. कालवण नव्हे, तिखलं. पातळ रस नाही, तांबडी दाट लपेट, वर खोबरेल तेलाचा तवंग. पहिला घास घेतला, आणि मागच्या बाजूने, जिभेच्या कडेला, ती ओळखीची हलकीशी बधिरता. लिंबाच्या सालीसारखा, पण लाकडी वास. वाटीत बोट घालून शोधलं. एकही तिरफळ नाही.

"काकी, तिरफळां घातलास?"

"घातलंय. उकळी इल्यार काढून टाकलंय. गिऱ्हायकांच्या दाताखाली इली की बोंब मारतत."

म्हणून अर्धी खूण. घरी आई तिरफळं ठेचते, आतलं काळं चकचकीत बी फेकते, टरफलं तशीच कालवणात राहतात. जेवताना ती बाजूला काढायची ही ज्याची त्याची जबाबदारी. चुकून चावलं तर पाच मिनिटं बोलता येत नाही. लहानपणी आम्ही ते मुद्दाम एकमेकांच्या घासात सारायचो. काकींच्या टेबलावर मात्र आता उत्तरेतली मुलंही बसतात, जवळच्या ऑफिसातली. त्यांना हे कोण समजावणार? मला आधी वाटलं, ही तडजोड. मग दुसरा तुकडा खाल्ला आणि ते मत बदललं. वास पूर्ण उतरला होता.

जेवण झाल्यावर काकींनी बसायला सांगितलं. काकींच्या सासूबाई गिरणी कामगारांचे डबे करायच्या. माझे आजोबा याच भागात गिरणीत होते. गावच्या मंडळाच्या खोलीत पंचवीस जण, पाळीनुसार झोपायचे, जेवण महिन्याच्या बोलीवर खानावळीत. अशा खानावळी बायकाच चालवायच्या, सावकाराकडून पैसे उचलून. याच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळायला लागलं. मग जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. काकी म्हणाल्या, "गिरणी गेली, पण भूक खय गेली?" आणि उठून दुसऱ्या टेबलाला भात वाढायला गेल्या.

आजोबा बांगडा घरच्यासारखा कुठेच मिळत नाही म्हणायचे, म्हणून मी ही वही घातली असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर ते तक्रार करायचे ती बांगड्याची नव्हती. म्हणायचे, "तिरफळा खावक गावनत नाय." हे आई मला आत्ता, या नोंदीनंतर बोलली. इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

बाकी राहिलेलं : गिरगाव. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम बंद झालं, ते या वहीत आता येणारच नाही, आणि त्याची चुटपुट आहे. गिरगावात अजून कुठे बांगड्याचं तिखलं मिळत असेल तर कळवा. फक्त 'फेमस' म्हणून नको, तुम्ही स्वतः तिथे काय खाल्लं ते लिहा.

घरामागच्या झाडाला तिरफळं लागलीत. खोडाला काटे इतके की शेजारचा पोरगा शिडीवरून काठीनेच पाडतो. उन्हात वाळत घातलीत, आईने दोन वेळा वारवली. तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय. पिशवीत पाव किलोची पुडी काकींसाठी बांधलीय, आणि त्यांच्या चार टेबलांपैकी एकावर कुणी न काढता तशीच ठेवेल का, हे विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.