तेरेखोलपर्यंत पेट्रोल पुरेल का?

पर्वरीच्या पंपावर सकाळी साडेसहाला रांग होती. पुढे दोन स्कूटरवाले, मागे पाव वाटून परतलेला पोदेर आणि मध्ये आमची बोट. ट्रेलरवर चढवलेली, चोवीस फुटांची, बाजूला निळा पट्टा. टाकी १९० लिटरची. पंपावरच्या पोराने नळी लावली आणि तो दुसऱ्याशी गप्पा मारायला गेला. त्याला घाई नव्हती. आकडा १७० लिटरवर थांबला तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. आम्ही सावंतवाडीकर चार पैसे वाचतात म्हणून गाडीत पेट्रोल भरायला गोव्याच्या हद्दीत पत्रादेवीपर्यंत येणारी माणसं!

मी भावोजींना तो प्रश्न विचारलाच. नवी गाडी दिसली की आपण सगळे विचारतो तोच. "किती देते?"

"देत नाही मरे, पिते," ते म्हणाले. "आणि किलोमीटरवर नको विचारू. तासाला किती पिते ते विचार."

माझी थोरली बहीण लग्न होऊन पर्वरीला गेली त्याला आता पंचवीस वर्षं झाली. भावोजींना पाण्याचं वेड पहिल्यापासून. आधी होडी होती, मग आउटबोर्ड, म्हणजे मागे टांगलेलं इंजिन, लावलेली फायबरची बोट आणि आता ही सेकंडहँड जेट बोट. फेब्रुवारीतला रविवार, आम्ही सात जण, बर्फाची पेटी, ताईने दिलेला शिरा आणि बेत तेरेखोलचा. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटरच्या आसपास.

ब्रिटोनाजवळच्या उतारावरून बोट पाण्यात सोडली. इंजिन लगेच सुरू करायचं नाही. आधी चार मिनिटं बोटीच्या पोटातली हवा बाहेर काढणारा पंखा चालवायचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या पोटात साचून राहते आणि एका ठिणगीत होत्याचं नव्हतं होतं. त्या चार मिनिटांत मी मागे वाकून दुसरा पंखा शोधला, म्हणजे बोट ढकलणारा, पाण्यातला. तो नव्हताच. बोटीच्या पोटाला जाळी, जाळीतून पाणी आत, आत इंजिनावर फिरणारं पातं आणि मागे तोटी. पाणी तोटीतून जोरात मागे फेकलं जातं, बोट पुढे जाते. तोटी वळवली की बोट वळते. सुकाणू नाहीच, त्यामुळे इंजिन बंद पडलं की चाक कितीही फिरवा, बोट आपल्याच मर्जीने जाणार.

ही युक्ती न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टनने १९५० च्या दशकात चालवून दाखवली. तिथल्या नद्या उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या, साध्या बोटीचा पंखा पहिल्याच दगडावर तुटायचा. १९६० साली त्याच्या बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढून गेल्या. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचे दांडे आहेत, चापोरा आणि तेरेखोलच्या तोंडाशीही आहेत, तेव्हा आपल्याकडेही ही सोय कामाची. पण सोय फुकट नसते.

मांडवीच्या पुलांखालून, कॅसिनोच्या जहाजांच्या अंगाने आम्ही सावकाश निघालो. इथे लाट उठवायची नाही. वेग ताशी नऊ किलोमीटर, समोरच्या पडद्यावर आकडा तासाला ८ लिटर. मी मनातल्या मनात भागाकार केला. लिटरला एक किलोमीटरच्या जरा वर. माझी गाडी एवढ्यात पणजीहून म्हापसा गाठून परत येते.

मिरामार मागे पडलं, नदी रुंदावली आणि भावोजींनी वेगाचा दट्ट्या पुढे सारला. बोटीचं नाक वर गेलं, मागचा भाग पाण्यात बसला आणि पडद्यावरचा आकडा एकदम उसळला. चार-पाच सेकंद पुढचं काही दिसेना. मग बोट पाण्यावर चढली, नाक खाली आलं आणि आकडा स्वतःहून उतरून ५५ वर स्थिरावला. वेग ताशी ४६. "हा तिचा सुखाचा वेग," भावोजी म्हणाले.

सिंकेरीच्या समोर डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींची गर्दी होती. आम्हीही चाळीसेक मिनिटं तिथेच रेंगाळलो. फार हळू नाही, फार जोरात नाही, ताशी तेरा-चौदाने घिरट्या. दोन राखाडी पाठी दिसल्या, पोरं खूश. पडद्याकडे फक्त मी बघत होतो. तासाला २५ लिटर! म्हणजे लिटरला अर्धा किलोमीटर आणि वर थोडं. दिवसातला सगळ्यात वाईट हिशेब, आणि तो अशा वेगात की किनाऱ्यावरचा सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला असता.

आग्वादला वळसा घातल्यावर भाच्याने चाक मागितलं. एकोणीस वर्षांचं पोरगं. समुद्र सकाळच्या मतलई वाऱ्यात ताटासारखा सपाट. त्याने दट्ट्या शेवटपर्यंत नेला. कळंगुट, बागा, हणजूण ही नावं नुसती डाव्या-उजव्या बाजूने निसटली, म्हणजे उजव्याच, डावीकडे समुद्रच. दहा मिनिटांत चापोऱ्याचा किल्ला आला. वेग ८३, आकडा १३०. त्या दहा मिनिटांनी बावीस लिटर खाल्ले. भावोजींचा एक ठोकताळा आहे: पूर्ण जोरावर पेट्रोल इंजिनाच्या दर दहा हॉर्सपॉवरला तासाला एक अमेरिकन गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. दोन इंजिनं, प्रत्येकी १८० हॉर्सपॉवर. गुणाकार तुम्हीच करा, आकडा जवळपास तोच येतो.

मोरजीपुढे त्यांनी चाक परत घेतलं आणि बोट किनाऱ्यापासून दूर नेली. या दिवसांत तिथे कासवं अंडी घालायला येतात.

हरमलच्या पुढे गडबड झाली. इंजिनाचा आवाज चढला, पण वेग उतरला. उजव्या बाजूचं इंजिन नुसतंच ओरडत होतं. मला वाटलं गेलं आता. भावोजींनी आणखी थोडं रेटून पाहिलं, मग चिडून दोन्ही इंजिनं बंद केली, मागच्या फळीवर ओणवे झाले, झाकण उघडून खांद्यापर्यंत हात घातला आणि नायलॉनच्या जाळ्याचा वीतभर तुकडा काढला, त्याला गुंडाळलेली दुधाची पिशवी. जाळी तुंबली की पात्याला पाणी कमी मिळतं, फेस मात्र होतो. इंजिन पेट्रोल पीत राहतं, बोट जागची हलत नाही. त्या खेळात आठ-दहा लिटर गेले.

तेरेखोलचा किल्ला समुद्रातून बघावा. नदीच्या उत्तर तीरावर, सगळा गोवा अलीकडे सोडून एकटाच पलीकडे बसलेला. बांधला सावंतवाडीच्या खेम सावंतांनी, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. आम्हा वाडीकरांची ही जुनी दुखरी जागा, शिऱ्याचा डबा उघडेपर्यंत मी तेच बोलत होतो. पोरांना नदीत आत जायचं होतं, केरीची फेरीबोट ओलांडून. थोडं फिरवलंही. मग भावोजींनी काट्याकडे बघून बोट वळवली.

टाकी अर्धी. मैल निम्मेच झाले होते, त्यामुळे मला ते ठीक वाटलं. त्यांना वाटलं नाही. त्यांचा नियम असा की टाकीचे तीन भाग करायचे, एक जायला, एक यायला आणि एक न बोलता तसाच ठेवायचा. ६३ लिटर राखीव हवेत, परतीला चाळीसच्या वर लागणार आणि हाताशी ९५ होते. म्हणजे राखीवला हात लागणारच.

मी म्हटलं, "मग हळू जाऊया ना. गाडीतसुद्धा काटा खाली आला की आपण चाळीसने चालवतो."

"किती हळू?"

"पंधराने."

ते हसले. पंधरा म्हणजे सकाळचाच डॉल्फिनवाला वेग. त्यांनी मला जे सांगितलं ते असं: मोठा पंखा बादलीभर पाणी हळूच मागे ढकलतो. जेट तांब्याभर पाणी घेतं आणि भिरकावतं. बोट जोरात पळत असेल तर त्या भिरकावण्याचं चीज होतं, बोट रांगत असेल तर जोर मागच्या पाण्यातच वाया जातो. त्यात पंधराला बोट ना धड पाण्यात, ना धड पाण्यावर. स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायचा प्रयत्न करते आणि चढत नाही. एकतर नऊने रांगायचं, म्हणजे चार तास. तोवर खारा वारा सुटून लाटा उठणार. नाहीतर ४६.

४६ ने आलो. कुणी चाक मागितलं नाही. चापोऱ्याला उतरून चहा प्यायचा बेतही सोडला. वायव्येचा वारा सुटायला लागला होता, तो पाठीशी होता हे नशीब. आग्वाद दिसेपर्यंत मी काट्यावरून नजर हटवली नाही, आणि काटा तर बोट उसळेल तसा पाव टाकी खालीवर होत होता. भावोजी त्याच्याकडे बघतच नव्हते. ते लिटर मोजत होते.

ब्रिटोनाला बोट ट्रेलरवर चढवली, घरी आणून गोड्या पाण्याची नळी लावून इंजिनं धुतली. खारं पाणी आत राहिलं तर गंज धरतो. मग त्यांनी वही काढली. प्रत्येक फेरीची एक ओळ. आजची ओळ: तेरेखोल, सात माणसं, १४० लिटर. शिल्लक ५०, आणि राखीवमधले तेरा गेले म्हणून पुढे एक लाल फुली.

"पुढच्या खेपेला दक्षिणेला, ग्रांडे बेट," ते म्हणाले. "अंतर कमी आहे. पण येताना वारा तोंडावर."

ताईने आतून विचारलं, डबा कुठे विसरलात का. डबा बोटीतच होता.