मायना कोणाचा?

समितीचं पत्र आलं तेव्हा मी गच्चीत आंब्याची साठं उलटत होतो. 'अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपले मनोगत पाठवावे, शब्दमर्यादा ५००.' वाचल्याबरोबर वाटलं, बाईंना फोन करून सांगावं, मला लिहायला सांगितलंय म्हणून. नंबर अजून फोनमध्ये आहे. उचलणारं आता कोणी नाही.

बाई म्हणजे कोण, हे आपल्या शाळेत शिकलेल्याला सांगावं लागत नाही. शिक्षिका पुष्कळ होत्या, त्यांना आडनावं होती. नुसतं 'बाई' म्हटलं की इतिहासाच्याच. शब्दमर्यादा मी पाळणार नाही, हेही आधीच सांगून टाकतो. गॅदरिंग, कबड्डीची ढाल, घंटेखाली उभं राहण्याची शिक्षा, यावर बाकीचे लिहितीलच. मी बाईंवर लिहिणार, आणि थिबा राजवाड्याच्या सहलीवर.

सहल म्हणजे तरी काय! आमच्यातले निम्मे जण रोज त्या आवाराच्या कडेकडेनेच शाळेत यायचे. शेजारची तुकडी गणपतीपुळ्याला निघाली होती, एस.टी. ठरवून, आणि आम्ही आठवी 'ब' चालत थिबा राजवाड्यावर. वर्गात सुतक पडल्यासारखं झालं. त्यात आदल्या दिवशी बाईंनी राजवाड्यावर दहा ओळी लिहून आणायला लावल्या. माझं पहिलं वाक्य होतं : 'रत्नागिरीत थिबा राजाने बांधलेला सुंदर राजवाडा आहे.' वही परत आली तेव्हा 'थिबा राजाने बांधलेला'च्या खाली लाल रेघ, 'राजवाडा'भोवती लाल गोल, आणि समासात दोनच शब्द : 'पैसे कोणाचे?'

दुसऱ्या दिवशी वाड्यासमोरच्या झाडाखाली आम्हाला बसवून बाईंनी तोच प्रश्न सगळ्यांना विचारला. कोणी म्हणालं राजाचे, कोणी म्हणालं राणीचे दागिने विकून. बाई म्हणाल्या, "सरकारचे. कलेक्टर कचेरी जशी सरकारी, तुरुंग जसा सरकारी, तशीच ही सरकारी इमारत. आता मला सांगा, ती कचेरीच्या जवळची की तुरुंगाच्या?"

पुढचा तास कसा गेला ते कळलं नाही. पुस्तकात हा धडा नव्हता, परीक्षेला यायचा नव्हता. १८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतली. तिथल्या थिबा राजाला आणि राणी सुपयालतला बैलगाडीत बसवून नदीवर आणलं आणि बोटीत चढवलं. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६मध्ये रत्नागिरी. रत्नागिरीच का? तर इथे तेव्हा रेल्वे नव्हती, आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की गाव जगापासून तुटायचं. "सरकारने तुमच्या गावाची निवड केली ती गाव चांगलं म्हणून नाही हो," असं बाई म्हणाल्या, आणि आम्हाला जरा वाईटच वाटलं.

राजा आला १८८६ला आणि हा वाडा पुरा झाला १९१०मध्ये. मधली चोवीस वर्षं भाड्याच्या बिऱ्हाडकरूसारखी बंगल्यांत काढली. (ही उपमा बाईंचीच.) घर अपुरं, तनखा अपुरा, म्हणून तो अर्ज करायचा, थेट व्हाइसरॉयला. "जो कालपर्यंत दुसऱ्यांचे अर्ज घेत होता," बाई म्हणाल्या, "तो अर्जदार झाला." आणि वाडा मिळाला तेव्हा राहायला मिळाली जेमतेम सहा वर्षं. डिसेंबर १९१६मध्ये तो गेला. १९१९मध्ये बाकीच्यांना परत जाऊ दिलं, पण राणीला मंडालेत नाही, रंगूनला. राजाची समाधी इथेच शिवाजीनगरात राहिली.

मग बाईंनी काडीने मातीत दोन ठिपके काढले. एक मंडाले, एक रत्नागिरी. म्हणाल्या, "टिळक कुठले?" हे मात्र सगळ्यांना येत होतं. त्यांचा जन्मच आपल्या गावातला. "१९०८ ते १९१४ कुठे होते?" मंडाले. बाईंनी एका ठिपक्यातून दुसऱ्यात एक बाण नेला आणि दुसऱ्यातून पहिल्यात एक आणला. काही बोलल्या नाहीत. १९१० ते १९१४ अशी चार वर्षं रत्नागिरीचा माणूस मंडालेच्या तुरुंगात होता आणि मंडालेचा राजा आमच्या पुढ्यातल्या त्या वाड्यात. माझ्या बाकावरचा गडी हळूच म्हणाला, "आयला, बदलीच केली की!" बाईंनी ऐकलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या हसल्या. "सरकारी भाषेत तसंच म्हणतात," म्हणाल्या. पुढे तो खरोखरच सरकारी नोकरीत गेला आणि बारा बदल्या भोगल्या, हा भाग वेगळा.

वाड्यात तेव्हा तंत्रनिकेतन होतं, त्यामुळे आत फार भटकू दिलं नाही. बाईंनी पर्समधून शिंप्याची टेप काढली, साठ इंची, एका टोकाचं पत्र्याचं पान निखळलेलं, आणि भिंतीतला एकेक चिरा मोजायला लावला. जांभा मी जन्मल्यापासून बघत होतो, आमचं घरच जांभ्याचं. पण त्याच्या भोकाभोकांवरून बोट फिरवून 'हा खाणीत असतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, वारा लागला की घट्ट होतो' हे त्या दिवशी कळलं. भिंत इथल्या दगडाची आणि लाकूड बर्मा टीक, म्हणजे राजाच्या मुलखातलं. अर्धगोल खिडक्यांखाली उभं राहून मी ते वहीत टिपून घेतलं, आणि मग जे करायचं नाही ते केलं.

कंपासपेटीतलं कर्कटक काढलं आणि जिन्याच्या कठड्यावर नाव कोरायला बसलो. साग तो, दाद देईना. 'सु' लिहायचं होतं, कसाबसा 'स' झाला आणि उकार द्यायच्या आत मानेवर सावली पडली.

बाईंनी मारलं नाही. त्या कधीच मारत नसत. कठड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अर्धवटच राहिलं?" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "उद्या माफीचा अर्ज लिहून आण."

"कोणाला लिहू, बाई?"

"ज्याची इमारत आहे त्याला. मायना कोणाचा घालायचा, ते तू शोधायचं."

घरी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "सरकारचं म्हणजे कोणाचंच नाही. लिही काहीतरी." दुसऱ्या दिवशी मी 'माननीय सरकार यांस' असा मायना घालून नेला. बाईंनी तो खोडला. शाळेचा शिपाई म्हणाला कलेक्टरला लिही. लिहिलं. खोडलं. "कलेक्टरना जाऊन विचारलंस का, इमारत तुमची का म्हणून?" विचारणार कसा! मी आठवीतला, हाफ पँट घातलेला. पण चार दिवस रोज वर्गात त्या नुसत्या "मायना?" एवढंच विचारायच्या आणि अख्खा वर्ग मागे वळायचा. शेवटी पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दप्तर घेऊन एका कचेरीत शिरलो.

तिथल्या अव्वल कारकुनाने चष्मा कपाळावर ढकलून माझं सगळं ऐकून घेतलं. अगदी सगळं, कर्कटकासकट. मग त्याने मला समोरच्या खुर्चीवर बसवलं, स्वतःचा चहा अर्धा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला आणि एका पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढायला लागला. जागा कोणाच्या नावावर असते, दुरुस्तीचा खर्च कोणत्या खात्यातून होतो, वापरणारा कोण, भाडं कोण ठरवतं, पडझड झाली तर पंचनामा कोण करतं. चौकोनांना जोडणाऱ्या रेघा. "म्हणजे बाळा," तो म्हणाला, "कोणाचंच नाही असं नसतं. खूप जणांचं असतं, म्हणून कोणी दिसत नाही." त्याने सांगितलेला मायना मी घातला, 'विषय : कठड्यावर अक्षर कोरल्याबद्दल माफी' असं लिहिलं, त्याने तो आवकमध्ये नोंदवला आणि दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का मारून पोच दिली.

ती पोच बाईंनी वर्गात फिरवली. सगळ्यांना हात लावून शिक्का बघू दिला. अर्जाला उत्तर आलं नाही. मी महिनाभर पोस्टमनची वाट बघितली.

आता थोडं स्वतःबद्दल, समितीचा तसा आग्रह आहे. मी स्थापत्य अभियंता झालो, सरकारी बांधकामातच चौतीस वर्षं काढली आणि कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. रस्ते केले, पूल केले, पण जीव रमला तो जुन्या इमारतींत. एका तालुक्याच्या गावी इंग्रजी अमदानीतली कौलारू कचेरी पाडून स्लॅबची करायची असं ठरत आलं होतं. मी भिंतीचा एकेक चिरा तपासून अहवाल दिला की पायाला धक्का नाही, गेलंय ते फक्त वाशांत आणि कौलांत. तीनदा परत आला, तीनदा पाठवला. ती इमारत आज उभी आहे. आत बसणाऱ्यांना माझं नाव माहीत नाही, ते ठीकच आहे. माझ्या टेबलावर कोणाही अडाण्याचा अर्ज आला की मी आधी मायना बघायचो. चुकीचा असला तरी परत पाठवायचो नाही. योग्य त्या चौकोनाकडे धाडायचो. हाताखालची पोरं हसायची.

२०१२च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत आले, तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात होतो. टीव्हीवर बातमी बघून बाईंना फोन लावला. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "समाधीवर गेले का?" गेले, म्हटलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "शंभर वर्षं होत आली रे. अर्जाचं उत्तर यायला एवढा वेळ लागतोच." आणि खोकत हसल्या.

आपल्या शाळेची जुनी इमारतही जांभ्याची होती. ती पाडली तेव्हा मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी फुकट अहवाल दिला असता, त्यात काय होतं पाडण्यासारखं? नवी इमारत प्रशस्त आहे, हवा खेळती नाही. मे महिन्यात एकदा आत उभं राहून बघा. सहली आता लांब लांब जातात, बसमध्ये टीव्ही असतो. नातवाला 'माझ्या परिसरातील ऐतिहासिक वास्तू' असा प्रकल्प होता. त्याने दुकानातून तयार चित्रांचा तक्ता आणून चिकटवला, खाली छापील मजकूर : 'थिबा राजाने बांधलेला भव्य राजवाडा'. बाईंनी त्याला लाल रेघ मारली असती. या बाई म्हणजे त्याच्या हल्लीच्या मॅडम नव्हेत, त्यांनी तर 'छान' लिहिलं होतं. रेघ मारली ती मीच, पेन्सिलने, आणि समासात दोन शब्द लिहिले. सून रागावली.

पत्र आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी वाड्यावर जाऊन आलो. आता तिथे वस्तुसंग्रहालय आहे, वाडा राज्य संरक्षित स्मारक आहे, तसा निळा फलकही आहे. जिन्याशी गेलो. कठड्यावर पॉलिशचे थर चढलेत. डोळ्यांनी काही दिसेना, म्हणून चष्मा काढला आणि अंगठ्याने चाचपत चाचपत वर सरकलो. चौथ्या की पाचव्या पायरीपाशी काहीतरी लागल्यासारखं झालं. एक खाच, एक वळण.

तेवढ्यात खालून एक तरुण कर्मचारी ओरडला, "ओ काका, हात लावू नका! सरकारी आहे ते."

मी हात काढून घेतला.