मातीसची काळी खिडकी

फ्रेंच चित्रकार आंरी मातीसने फ्रान्सच्या कोलियूर या समुद्रकाठच्या गावात रंगवलेल्या खिडक्या म्हटलं की बहुतेकांना १९०५ची आठवते. उघडी तावदानं, कुंड्या, गुलाबी पाण्यावर डुलणाऱ्या होड्या. छानच आहे, वादच नाही. माझा जीव मात्र १९१४च्या खिडकीवर आहे, जिच्यातून काहीच दिसत नाही.

डावीकडे फिकट निळा उभा पट्टा, उजवीकडे राखाडी आणि हिरवा, मधे नुसता काळा. कॅनव्हास चार फुटांना जेमतेम कमी, त्यामुळे काळा अंगावर येतो. पॅरिसला पाँपिदू सेंटर या संग्रहालयात भाच्याने विचारलंच, "मावशी, हे अर्धवट राहिलंय का?" शंका रास्त होती. मातीसने हे चित्र हयातीत कधी प्रदर्शनात मांडलंच नाही. लोकांपुढे आलं ते १९६६ साली, तो गेल्यावर बारा वर्षांनी. जरा बाजूला सरकून तिरकं पाहिलं, तर काळ्याखाली कठड्याच्या आणि झाडांच्या खुणा जाणवतात. म्हणजे बाहेरचा देखावा आधी होता. त्याच्यावर त्याने काळा चढवला.

इथे सगळे युद्धावर येतात. ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं, चव्वेचाळीस वर्षांच्या मातीसला सैन्याने घेतलं नाही, आई उत्तरेत बोहँला जर्मनांच्या ताब्यातल्या मुलखात अडकली. हे सगळं खरं. पण मला हा काळा सुतकी वाटत नाही. कडेचे निळे-हिरवे पट्टे बघा, त्यांच्यावर ऊन आहे. भर दुपारी अंगणात उभं राहून उघड्या दारातून घरात डोकावलं की आत असाच मिट्ट काळोख दिसतो. आपण आतून बाहेर बघतोय की बाहेरून आत, हे चित्र शेवटपर्यंत सांगत नाही.

इंटरमिजिएटच्या तयारीत आमच्या सरांनी पेटीतली काळी ट्यूब बाजूलाच काढायला लावली होती. काळ्याने चित्र मरतं म्हणे. शिकाऊ हातांसाठी सल्ला योग्यच. मातीसने शेजारचे रंग फिके ठेवले, म्हणून त्याचा काळा मेला नाही, उलट उजेडाचं काम करतो. १९४६ साली पॅरिसच्या माग गॅलरीत 'काळा हा रंग आहे' याच नावाचं प्रदर्शन भरलं, त्यात मातीसही होता.

फोनवर हे चित्र बघून मत बनवू नका. तिथे काळा सपाट होतो, खालचा कठडा पार गायब. पाँपिदू सध्या नूतनीकरणासाठी बंद आहे, २०३०पर्यंत. तोवर त्यांच्या संग्रहातली चित्रं इतर ठिकाणी फिरतायत, त्यात हे कुठे लागतंय का त्यावर नजर ठेवा.