पल्सर 150 वर स्वस्त टायर: नवतपा, पाऊस आणि जाम गेटच्या नोंदी

गाडी एबीएसवाली (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पल्सर 150. रोजचा रस्ता इंदूरच्या सुदामा नगरहून अन्नपूर्णा, राजेंद्र नगर, राऊ आणि पुढे पीथमपूर. संध्याकाळी तोच उलटा. मागचा टायर मधोमध सपाट झाला होता. पुढच्यावर नक्षी शिल्लक होती, पण रबर जुनं होऊन कडक पडलं होतं. दोन्ही एकदम बदलायची वेळ आली, तेव्हा ठरवलं की कंपनीत सगळे मला जे विचारतात त्याचं उत्तर आता स्वतःच्याच गाडीवर शोधायचं: रोजच्या जाण्यायेण्याला स्वस्त टायर पुरतो का? बेत असा की उन्हाळा आणि पावसाची सुरुवात दोन्ही टायर स्वस्त ठेवायचे, मग फक्त पुढचा चांगला घालायचा आणि फरक कुठे पडतो ते बघायचं. टायरच्या कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. एका गाडीवरच्या अनुभवाने कुणावर शिक्का मारणं बरोबर नाही, आणि मोठ्या कंपन्यांच्या यादीतही स्वस्त आणि महाग असे दोन्ही प्रकार असतातच.

खरेदी

मापं गाडीला येतात तीच घेतली: पुढे 80/100-17 46P, मागे 100/90-17 55P. शेवटचा आकडा आणि अक्षर बहुतेक जण वाचतच नाहीत, खरं तर स्वस्त टायर घेताना तेच आधी वाचावं. 46 म्हणजे टायर 170 किलो पेलतो, 55 म्हणजे 218 किलो, आणि P म्हणजे ताशी 150 किमीपर्यंत चालतो. दुकानदार त्याच मापात कमी वजनाचा टायर दाखवून ‘भिया, सब चलता है’ म्हणाला तर घेऊ नका. डबलसीट, डबा, लॅपटॉपची बॅग आणि राऊनंतरचे खड्डे हे सगळं त्या आकड्याच्या जिवावर चालतं.

दुसरी गोष्ट ISI शिक्का. दुचाकीच्या टायरसाठी मानक IS 15627 आहे आणि हा शिक्का आपल्याकडे सक्तीचा आहे. स्वस्त असला तरी टायर ठरावीक चाचण्या पार करून आलेला आहे, एवढा भरवसा त्याने मिळतो. रिमोल्ड, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवलेला टायर, दुचाकीला अजिबात नको. तिथे मी वाद घालायलाही थांबत नाही.

तिसरी गोष्ट तारीख. सियागंजातल्या दुकानात सगळ्यात वरचा टायर काढून दिला, तो मी बाहेर उजेडात नेला. बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, आणि बरेचदा ते एकाच बाजूला असतात, म्हणून टायर उलटून बघावा लागतो. त्यावरचे आकडे बघून कळलं की दोन वर्षांहून जास्त काळ तो दुकानातच पडून होता. आतून दुसरा मागितला, त्यावर 0525 होतं: 2025 सालचा पाचवा आठवडा. रबरी केस अजून टोकदार होते, नख दाबलं तर किंचित रुतत होतं. जुना पडलेला महाग टायर आणि ताजा स्वस्त टायर यांतला एक निवडायचा असेल तर मी डोळे मिटून ताजा घेईन.

दोन्ही मिळून तीन हजारांच्या आत आले. नावाजलेली जोडी साडेचारच्या आसपास गेली असती. बसवताना दोन गोष्टींवर लक्ष ठेवलं: बाणाची दिशा, आणि पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी. तो ठिपका टायरची हलकी बाजू दाखवतो आणि व्हॉल्व्हचं वजन तिथे पडलं की चाक कमी डगमगतं.

उन्हाळा

सुरुवातीचे दीडदोनशे किलोमीटर हळू चालवली. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेलं रसायन आणि वरचा तुकतुकीत थर जाईपर्यंत नवा टायर कुठलाही असो, निसरडाच असतो.

त्यानंतर कोरड्या रस्त्यावर एकही तक्रार नाही. चाळीस-पन्नासच्या वेगात, भंवरकुआच्या गर्दीत, ब्रेक-क्लच करत जाताना टायरकडे जेवढी पकड असते त्याचा थोडासाच भाग आपण वापरतो. महाग टायरचा जो जास्तीचा साठा असतो, त्याला हातच लागत नाही. सत्तरच्या पुढे हँडलला बारीक थरथर जाणवत होती; चाक बॅलन्स करून वजन लावल्यावर ती गेली. खड्ड्यात बाजू थोडी कडक लागते, पण कंबर दुखावी इतकी नाही.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, टायरच्या हवेवर जास्त लक्ष दिलं. तापमान 10 अंशांनी वाढलं की हवा साधारण दीड पीएसआयने चढते, म्हणून दुपारी पंपावर तापलेल्या टायरची हवा बघून कमी करायची नाही. सकाळी, गाडी उभी असताना, पुढे 25, मागे एकट्याला 28 आणि डबलसीटला 32. आमच्या विभागातले एक काका कित्येक वर्षं याच रस्त्याने येतात. ते म्हणाले, “बाळा, टायर कुठलाही घाल, पण हवा बघत जा.” कोरड्या रस्त्यापुरतं त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं.

पहिल्या सरी

इथून खरी नोंद सुरू होते.

माळव्यातला पहिला पाऊस सगळ्यात वाईट. महिनोन्‌महिने साठलेलं तेल, धूळ आणि टायरचं घासलेलं रबर पाण्यावर तरंगतं. त्यात राऊच्या पुढे शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती डांबरावर आणून टाकतात. ही माती फुगते आणि चिकटते. एकदा मुद्दाम थांबून चाक फिरवून पाहिलं: खाचा मातीने गच्च भरलेल्या, टायर जणू सपाट. तिथे स्वस्त-महाग असा भेद राहतच नाही, प्रत्येकाने हळूच जावं. रंगपंचमीच्या गेरनंतर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) राजवाड्याकडे ओला रंग रस्त्यावर असतो तेव्हाही असंच.

भेद दिसला तो नंतर, सरींनी रस्ता धुतल्यावर, स्वच्छ ओल्या डांबरावर. पाणी काढायच्या बाबतीत स्वस्त टायर कमी पडत नव्हता. मोटरसायकलचा टायर गोल आणि अरुंद असल्यामुळे आपल्या रोजच्या वेगात तो पाणी सहज बाजूला सारतो. कमी पडत होतं ते रबर. टायर जास्त टिकावा म्हणून कंपाऊंड, म्हणजे रबराचं मिश्रण, कडक ठेवलं की ते ओल्या डांबराच्या बारीक खडबडीत भागात नीट बसत नाही. ओल्यात पकड वाढावी म्हणून चांगल्या टायरच्या मिश्रणात सिलिका घालतात, पण त्याने किंमत वाढते.

माझ्या पल्सरला एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, आणि त्याचा इथे मोजायला उपयोग झाला. पुढचं चाक लॉक व्हायला लागलं की लिव्हर बोटाखाली थरथरतो. उन्हाळ्यात राऊ सर्कलच्या सिग्नलला मी ज्या जोराने ब्रेक दाबत असे, त्यात लिव्हर कधी हलला नव्हता. ओल्यात तेवढ्याच दाबाला टरटर सुरू व्हायची. एबीएस नसलेल्या गाडीवर त्याच क्षणी चाक घसरलं असतं. 125 सीसी आणि त्याखालच्या बऱ्याच गाड्यांवर एबीएस नसतं, फक्त कॉम्बी ब्रेक (एक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा) असतो, आणि स्वस्त टायरचं सगळ्यात जास्त गिऱ्हाईक तेच आहे. मला ही गोष्ट फार टोचते.

पुढचा बदलला

मुसळधार पावसाच्या आधी पुढे नावाजलेल्या कंपनीचा मऊ कंपाऊंडचा टायर घातला, त्याच मापाचा. मागचा स्वस्तच ठेवला. जुना आणि नवा दोन्ही टायर औद्योगिक भागातल्या एका रिकाम्या सरळ रस्त्यावर रविवारी तपासले: रस्ता ओला, वेग चाळीस, विटेच्या तुकड्यापाशी ब्रेक. नव्या टायरवर गाडी सुमारे दोन पावलं आधी थांबत होती आणि लिव्हरची थरथर उशिरा येत होती. ही काही नॅट्रॅक्सची, म्हणजे वाहनं तपासणाऱ्या केंद्राची, चाचणी नव्हे. पीथमपूरला त्यांच्याकडे 11.3 किमीचा हायस्पीड ट्रॅक आहे आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक तपासायची खास सोयही आहे. माझ्याकडे वीट आणि स्पीडोमीटरचा काटा. तरी फरक प्रत्येक वेळी एकाच बाजूला गेला.

हिशोबही तसाच सांगतो. पन्नासच्या वेगात घर्षणांक (टायर-रस्त्याच्या पकडीचं माप) 0.7 असेल तर थांबायला 14 मीटर लागतात; 0.6 असेल तर 16.4. म्हणजे जवळजवळ एका ऑटोरिक्षाच्या लांबीचा फरक. ऐंशीच्या वेगात हेच अंतर 36 वरून 42 मीटरवर जातं. याच हिशोबाची दुसरी बाजूही आहे: पन्नासच्या वेगात ब्रेक दाबायला एक सेकंद उशीर झाला की 14 मीटर आधीच संपलेले असतात. त्यामुळे चांगला टायर घालून पुढच्या गाडीला चिकटून चालणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

पण पैसे टाकायचे तर पुढे टाका, हे माझं ठाम मत झालंय. ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि थांबवायचं बहुतेक काम पुढचंच चाक करतं. मागचं सटकलं तर सावरायला थोडा वेळ मिळतो. पुढचं सटकलं तर माणूस सरळ जमिनीवर. शिवाय पुढचा टायर मागच्यापेक्षा बराच जास्त टिकतो. स्वस्त आणि चांगल्या पुढच्या टायरमध्ये मला साडेसहाशे रुपयांचा फरक पडला. तीस-पस्तीस हजार किलोमीटरवर वाटला तर किलोमीटरला दोन पैसे. पेट्रोललाच किलोमीटरला दोन रुपयांच्या वर जातात.

जाम गेट

श्रावणात बायकोला मागे बसवून महूवरून जाम गेटला गेलो. अहिल्याबाईंच्या काळातला तो दरवाजा जिथे माळवा संपतो तिथे उभा आहे; खाली निमाड, वर धुकं. मंडलेश्वरकडे उतरणाऱ्या वळणांवर मागच्या स्वस्त टायरची मर्यादा कळली. दुसऱ्या गिअरमध्ये ओल्या वळणातून निघताना थ्रॉटल थोडा जास्त उघडला की मागचं चाक बारीकसं सरकायचं. पडण्यासारखं नाही, पण मागे बसलेल्या माणसाला कळेल इतकं. बायको म्हणाली, “अहो, हळू घ्या,” आणि मी घेतली. ज्यांचं दर रविवारी घाट आणि डबलसीट असतं, त्यांनी मागेही चांगलाच घालावा. माझा घाट वर्षातून क्वचित, म्हणून माझ्यापुरता मागचा स्वस्त चालेल.

आत्ताची मापं

खोलीमापकाने मागच्या टायरची मधली खाच 4.8 मिमी आली. नवा असताना जवळजवळ 7 होती. साधारण साडेआठ हजार किलोमीटर झालेत, म्हणजे याच चालीने एकूण वीस हजारांच्या आसपास टिकेल. कडक रबराचा हा फायदा खराच आहे. दुचाकीसाठी नियमाची हद्द 0.8 मिमी आहे, खाचेतल्या उंचवट्यावरून ती कळते. मी मात्र 1.5 ला काढणार, पावसाळा तोंडावर असेल तर 2 ला. पुढचा अजून नव्यासारखा. बाजूंना भेगा नाहीत, गाडी दिवसभर उन्हात उभी असते तरी. एक खिळा लागला होता राऊपाशी; ट्यूबलेसमध्ये स्ट्रिप भरली, हवा अजून टिकून आहे.

मधला भाग आता किंचित चपटा व्हायला लागलाय, आणि वळणात झुकताना एक बारीक कड जाणवते. सरळ रस्त्यावरच चालणाऱ्या गाडीचं हे होतंच. येत्या पावसात बघायचंय ते हेच: चपटा झालेला स्वस्त मागचा ओल्यात आणखी किती लवकर सटकतो.

कुणी स्प्लेंडर किंवा शाईनवर, ट्यूबवाल्या स्पोक रिमवर, अशीच जोडी चालवत असेल तर खाचेची खोली, किलोमीटर, रोजची हवा आणि टायरवरचे चार आकडे एवढं लिहून ठेवा आणि मला कळवा. एबीएस नसलेल्या गाडीच्या पुढच्या टायरची मापं मला विशेष हवी आहेत.